महाभारताच्या पोथ्या तोलणारा गणिती : डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर



आमच्या शाळेतून बारावी करून महाविद्यालयात गेलेली मुले-मुली सणासुदीला भेटायला येतात, तेव्हा गेल्या काही वर्षांपासून एक तक्रार वारंवार कानावर येते. एखादी साहित्यकृती वाचा आणि तिच्यावर शोधनिबंध लिहा, असे पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच सांगतात. पण म्हणजे नेमके काय करायचे ते कळत नाही. मग चार ठिकाणची वाक्ये उचलायची, मध्ये दोन-चार शब्द आपले घालायचे, शेवटी ग्रंथांची नावे लावायची आणि फाइल सुंदर बांधून द्यायची. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत आपण त्यांना निबंध लिहायला शिकवतो, पण पुराव्यानिशी लिहायला फारसे शिकवत नाही. या अंकात चरित्र कोणाचे द्यावे याचा विचार करताना म्हणूनच एक असे नाव आठवले, जे मराठी माणसाला ऐकून माहीत असते पण ज्याचे काम काय होते ते सांगता येत नाही. ते नाव म्हणजे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर.

आरंभी एका शब्दाविषयी. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत शोध म्हणजे अभ्यासपूर्वक केलेले नवे लेखन, आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती. कायद्यात संशोधन होते, मसुद्यात संशोधन होते. मराठीत मात्र संशोधन म्हणजेच तो अभ्यास आणि शोध म्हणजे नुसते हुडकणे. इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांचा यात नेहमी गोंधळ उडतो. सुकथनकरांच्या कामाला मात्र दोन्ही भाषांतले दोन्ही अर्थ लागू पडतात. त्यांनी हुडकलेही, आणि हुडकलेल्याच्या आधारावर दुरुस्तही केले.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. शिक्षण मुंबईत सुरू होऊन पुढे ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी गणित घेतले. संस्कृत नव्हे, गणित. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दहावीनंतर शाखा निवडताना घराघरांत जो गणित विरुद्ध भाषा असा तंटा होतो, त्यात या माणसाचे उदाहरण उपयोगी पडावे. केंब्रिजचे ट्रायपॉस पुरे केल्यावर ते जर्मनीत बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्यूडर्स या संस्कृत पंडितांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला शाकटायनाच्या व्याकरणाचा. शाकटायन हा नवव्या शतकातला जैन वैयाकरण. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाचा पहिला पाद आणि त्यावरची यक्षवर्म्याची टीका एवढाच भाग त्यांनी घेतला. आमच्या मुलांचे विषय कसे असतात? मराठी साहित्यातील स्त्री, संत साहित्य आणि समाज. वीस पानांत ब्रह्मांड! सुकथनकरांनी एका ग्रंथाच्या एका अध्यायाचा चौथा हिस्सा घेतला आणि त्यावर पदवी मिळवली.

परत आल्यावर काही वर्षे ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात पुण्याला होते. तेथे ताम्रपट आणि शिलालेख वाचण्याचे काम होते. झिजलेले अक्षर व आहे की च आहे हे ठरवायचे, आणि ठरवता आले नाही तर तसे नमूद करायचे. शिलालेखाच्या वाचकाला मनचे अक्षर घालण्याची मुभा नसते. पुढच्या मोठ्या कामाची ही तालीम ठरली असे आम्हाला वाटते.

याच सुमारास संस्कृत जगतात भासाच्या नाटकांचा वाद पेटला होता. त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्र्यांना तेरा जुनी नाटके सापडली होती आणि १९१२ पासून ती छापून येऊ लागली होती. ही सगळी भासाचीच, असा एक पक्ष होता. ही भासाची नव्हेतच, असा दुसरा. सुकथनकरांनी अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात १९२० पासून या विषयावर लेखमाला लिहिली. त्यातला एक लेख चारुदत्त आणि मृच्छकटिक या दोन नाटकांच्या नात्यावर आहे. दोन्हींची कथा बऱ्याच अंशी एकच, कित्येक ठिकाणी शब्दही तेच. मग कोणी कोणावरून घेतले? हे अमके श्रेष्ठ, ते तमके सुंदर असे काहीही न म्हणता त्यांनी नाट्यतंत्र, प्राकृत भाषा, वृत्तरचना आणि प्रसंगांची मांडणी या अंगांनी दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. चारुदत्तात जुने रूप टिकलेले दिसते असा त्यांचा निष्कर्ष होता. पण तेवढ्यावरून तेराच्या तेरा नाटके भासाची ठरतात, असे म्हणायला ते तयार झाले नाहीत. दोन्ही पक्षांना हे रुचणारे नव्हते. वाद कोणत्या बाजूने जिंकायचा हे आधी ठरवून जो पुरावा शोधतो तो वकील. सुकथनकर वकील नव्हते. भासाच्या स्वप्नवासवदत्ताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२३ साली ऑक्सफर्डहून निघाले.

आता महाभारताकडे येऊ. महाभारत म्हणजे एक लाख श्लोक असे आपण सहज म्हणतो. पण कोणते महाभारत? १८३४ ते १८३९ मध्ये कलकत्त्याला एक छापले गेले, १८६० नंतर मुंबईला एक. दोन्ही मुख्यतः उत्तरेकडच्या पोथ्यांवरून. दक्षिणेकडच्या पोथ्या पाहिल्या तर त्यांत शेकडो श्लोक जास्तीचे, काही कमी, आणि काही उपाख्यानांचा क्रमच वेगळा. तिकडे ययातीची कथा आधी येते आणि शकुंतलेची नंतर. काश्मीरची शारदा लिपीतली संहिता आणखी वेगळी, बरीच आटोपशीर. सर्व पोथ्या ताडून एक विश्वसनीय संहिता तयार करावी अशी मागणी मॉरिस विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली होती. युरोपात त्या दृष्टीने थोडे काम झाले. ल्यूडर्स यांनी नमुन्यादाखल काही श्लोकांचे संपादनही केले. पुढे पहिले महायुद्ध आले आणि तो बेत तेथेच राहिला.

हे काम मग पुण्याने उचलले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने १९१७ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले होते. पुढच्याच वर्षी औंधचे संस्थानिक श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. औंध हे काही बडोदा किंवा ग्वाल्हेर नव्हे, लहानसे संस्थान. त्या काळचे एक लाख रुपये म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या विश्वस्त मंडळींनी जरूर मांडून पाहावा. १ एप्रिल १९१९ रोजी ऐंशी पार केलेल्या भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. नारायण बापूजी उत्गीकरांनी १९२३ साली विराटपर्वाची प्राथमिक आवृत्ती काढून विद्वानांपुढे ठेवली. आणि १९२५ साली प्रमुख संपादकपद सुकथनकरांकडे आले. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. पुढची साडेसतरा वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी दुसरे काही केले नाही म्हटले तरी चालेल.

कामाची पद्धत मुलांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. मोठे आखीव कागद तयार केले. वरच्या ओळीत प्रचलित संहितेतला श्लोक अक्षर अक्षर सुटे करून लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. मग खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पोथीतले अक्षर वरच्याप्रमाणेच असेल तर प्रश्न नाही. वेगळे असेल तर ते त्याच चौकटीखाली टिपायचे. श्लोक गळला असेल तर तशी नोंद. जास्तीचा असेल तर तोही लिहून घ्यायचा. नजर खाली उतरवली की एका अक्षराचा सगळ्या हिंदुस्थानातला इतिहास एका उभ्या रांगेत दिसतो. गणिताच्या माणसाला अशा कागदाचा कंटाळा आला नसावा!

पण सगळ्या पोथ्या पुण्यात येणे शक्य नव्हते, आणि आल्या तरी बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम या लिप्या झरझर वाचणारी माणसे एका गावात कोठून मिळणार? म्हणून शांतिनिकेतनात विधुशेखर भट्टाचार्यांच्या देखरेखीखाली पूर्वेकडच्या पोथ्यांचे काम झाले आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. हे ग्रंथालय ज्यांनी भरभराटीला आणले ते सरफोजीराजे भोसले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर जाऊन वसलेल्या मराठी घराण्याने जपलेले भांडार शंभर वर्षांनी असे उपयोगी पडले, हे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांनी लक्षात ठेवावे. वडोदऱ्याच्या पोथ्याही वापरल्या गेल्या. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्या ठाऊक होत्या. त्यांतल्या सत्तर तपासल्या आणि साठ प्रत्यक्ष संहिता ठरवण्यासाठी घेतल्या.

आता प्रश्न असा की साठ पोथ्यांत चार वेगवेगळे पाठ निघाले तर खरा कोणता? पहिल्यांदा मनात येते ते बहुमत. चाळीस पोथ्या एक म्हणतात, वीस दुसरे; चाळिसांचे घ्या. सुकथनकरांनी हे नाकारले. का, हे शाळेतल्या अनुभवावरून चटकन कळेल. वर्गात चाळीस मुलांच्या वहीत एकच विचित्र उत्तर सापडले तर गुरुजी काय समजतात? चाळीस मुलांना ते स्वतंत्रपणे सुचले असे नाही. एकाने लिहिले आणि एकोणचाळिसांनी उतरवले. म्हणजे साक्षीदार चाळीस नाहीत, एकच आहे. पण पहिल्या बाकावरची मुलगी आणि आजारी असल्यामुळे घरी बसून पेपर लिहिलेला मुलगा, ज्यांची गाठच पडलेली नाही, त्यांचे उत्तर जुळले तर त्या दोघांना त्या चाळिसांपेक्षा जास्त वजन द्यायला हवे. पोथ्यांचेही तसेच. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांचा शतकानुशतके संबंध नाही. त्या दोन्हींत एकच पाठ असेल तर तो फाटा फुटण्याच्या आधीचा, म्हणजे जुना. उलट देवनागरी पोथ्या संख्येने पुष्कळ, पण देवनागरी लिपी सगळीकडे चालणारी. लेखकू कोठलीही पोथी घेऊन कोठल्याही पोथीशी मिसळून लिहीत असे. म्हणून त्यांची संख्या मोठी आणि साक्ष कमजोर.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी घरोघर जी संहिता प्रमाण मानली जाई ती नीलकंठ चतुर्धरांची. नीलकंठ हे सतराव्या शतकातले टीकाकार, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि काशीत स्थायिक झालेले. महाभारतावरची त्यांची टीका आजही विद्वान उघडतात. म्हणजे मुंबईचा एक मराठी संपादक कोपरगावच्या एका थोर मराठी पंडिताने स्वीकारलेली संहिता बाजूला सारून काश्मिरी आणि मल्याळी पोथ्यांवर भरवसा ठेवत होता. नीलकंठांविषयी त्यांना अनादर नव्हता. पण नीलकंठांच्या पुढ्यात नाना ठिकाणच्या पोथ्या होत्या आणि त्यांतले चांगले वाटेल ते एकत्र करावे, काही वगळू नये, असा त्यांचा भाव होता. भक्ताचा भाव असाच असतो. संपादकाला तो परवडत नाही.

आणखी एक नियम त्यांनी पाळला. दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सोपा असेल, तर बहुधा अवघड तोच जुना. नकलाकार अवघड शब्दाच्या जागी आपल्या ओळखीचा शब्द घालतो. ओळखीचा शब्द काढून अवघड घालण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आमच्या प्रार्थनेच्या वेळी पहिलीतली मुले स्तोत्रातल्या शब्दांचे जे करतात ते ऐकले तर या नियमाचा प्रत्यय रोज येतो.

या पद्धतीने चालताना काय काय हातातून सुटते ते पाहा. द्रौपदीच्या स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो, प्रत्यंचा चढवतो, आणि मी सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदी भर सभेत सांगते. नाटके, चित्रपट, कादंबऱ्या, दूरदर्शनची मालिका, सगळीकडे हा प्रसंग आहे. कर्णाच्या बाजूने आपण जेवढे हळहळतो त्यातले निम्मे या एका वाक्यामुळे. पण हे वाक्य मोजक्याच पोथ्यांत आढळले. निरनिराळ्या प्रांतांच्या जुन्या पोथ्यांत ते नाही. शिवाय अर्जुन उठल्यावर ब्राह्मण आपसात जे बोलतात त्याचा भाव असा आहे की कर्ण, शल्य यांच्यासारख्या बलवंतांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही ते या पोराला काय वाकणार. कर्णाने प्रत्यंचा चढवली होती तर हे बोलणे कसे जुळेल? प्रसंग मूळ संहितेतून गेला. नाट्य गेले, हळहळ गेली, पण कथा आतून जुळली.

आणि दुसरा प्रसंग तर आपल्या देवघरातला. व्यास सांगत आहेत आणि श्रीगणेश लिहीत आहेत. लेखणी थांबता कामा नये ही गणेशाची अट, आणि अर्थ समजल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहत वाढलेल्या माणसाला या कथेचे प्रेम निराळे सांगायला नको. सुकथनकरांनी पोथ्या पाहिल्या. कित्येक प्रांतांच्या पोथ्यांत ही कथा मुळीच नाही. विंटरनिट्झ यांनीही दक्षिणेच्या पोथ्यांबाबत हे आधी दाखवले होते. आदिपर्वाच्या अगदी तोंडाशी, जेथे प्रत्येक वाचकाची नजर प्रथम पडते तेथे, एका घरोघर पुजल्या जाणाऱ्या दैवताची कथा आहे. ती ठेवली असती तर कोणी बोट दाखवले नसते. काढली तर गहजब होणार हे उघड होते. त्यांनी ती मुख्य संहितेतून काढली.

काढली म्हणजे फेकली नाही, आणि या माणसाच्या कामातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. त्या खंडाच्या पहिल्या परिशिष्टात पहिल्याच क्रमांकावर गणेशाची ती कथा छापली आहे, कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही याच्या नोंदीसह. लहान लहान जास्तीचे श्लोक तळटीपांत, तारांकन करून. प्रत्येक पानावर वर चार-सहा श्लोकांची संहिता आणि खाली बारीक टायपात साठ पोथ्यांची हकीकत. काही पानांवर वरचा मजकूर थोडा आणि खालचा भरगच्च. ज्याला सुकथनकरांचा निर्णय पटत नाही त्याने खाली पाहावे. निर्णय उलटा फिरवण्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्यांनी त्याच पानावर ठेवली आहे.

शिवाय नागमोडी रेघ. संहितेतल्या ज्या शब्दाविषयी त्यांची पुरती खात्री नव्हती त्या शब्दाखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. पान उघडले की संपादकाला कोठे शंका आहे ते दिसते. आमच्याकडच्या प्रकल्पांत सगळेच ठाम असते. शंका असलेली जागा रेघ ओढून दाखवावी, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. गुण कापले जातील ही भीती! परीक्षकांनीही याचा विचार करावा.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि पर्व १९३३ साली पुरे झाले. सोबत शंभराहून अधिक पानांची प्रस्तावना होती. संहिता कशी ठरवली, कोणती पोथी कोणत्या कुळातली, कोणत्या नियमाने काय स्वीकारले, हे सगळे तीत इंग्रजीत मांडले आहे. आणि एक गोष्ट त्यांनी तेथे निःसंदिग्धपणे लिहून ठेवली की ही संहिता म्हणजे व्यासांच्या मुखातून निघालेले मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने जेवढे मागे जाता येते तेवढेच मागे ते गेले आहेत. त्यापलीकडे काय होते याचा तर्क करता येईल, पण तो संहितेत घालता येणार नाही. आठ वर्षे राबून पुरे केलेल्या कामाची मर्यादा त्याच ग्रंथात स्वतःच्या हाताने लिहिणे सोपे नसते.

टीका झालीच. जर्मनीच्या वाल्टर रूबेन यांनी पद्धतीवर आक्षेप घेतले, त्याला सुकथनकरांनी मुद्दा मुद्दा घेऊन सविस्तर लेखाने उत्तर दिले. इकडे आपल्या लोकांना लाडके श्लोक मुख्य संहितेत न सापडल्याचे दुःख होते. ते दुःखही खोटे नव्हते. आजीने शिकवलेला श्लोक तळटीपेत पाहून कोणाला बरे वाटेल?

मग एक चमत्कारिक योग आला. आदिपर्व छापून झाल्यावर काही वर्षांनी नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी पाहायला मिळाली. संपादनासाठी वापरलेल्या पोथ्यांपेक्षा ती जुनी होती, आणि संहिता ठरवताना ती सुकथनकरांच्या डोळ्यांसमोर नव्हती. म्हणजे परीक्षार्थीने पेपर देऊन टाकलेला आणि उत्तरपत्रिका मागाहून हाती आलेली, असा प्रकार. त्यांनी ती पोथी आपल्या छापील संहितेशी ताडून पाहिली आणि भांडारकर संस्थेच्या नियतकालिकाच्या १९३८-३९ च्या खंडात साठ पानांचा लेख लिहिला. ठिकठिकाणी त्यांच्या निर्णयांना त्या पोथीने दुजोरा दिला होता. इतर पोथ्यांत सहसा न आढळणारे, त्यांनी तर्काने धरलेले काही पाठही तीत मिळाले. गणितात सिद्धांत बरोबर निघाल्याचा आनंद काय असतो ते गणित शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकांना विचारा. साहित्याच्या अभ्यासात तो क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो.

या काळात ते नुसते पाठ जुळवत बसले नव्हते. भृगुकुळाच्या कथा महाभारतात जागोजाग इतक्या का येतात, असा प्रश्न घेऊन त्यांनी १९३६-३७ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. च्यवन, और्व, जमदग्नी, परशुराम या भार्गवांच्या हकिगती एकेक करून गोळा केल्या, त्यांची पुनरावृत्ती दाखवली आणि भारताचे महाभारत होताना भार्गवांचा हात त्यावरून फिरला असावा असे अनुमान मांडले. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला साहित्यावरच्या शोधनिबंधाचा नमुना हवा असेल तर आम्ही हा निबंध सुचवू. आधी प्रश्न, मग वेचून आणलेला पुरावा, आणि अनुमान अगदी शेवटी. निबंध मोठा आहे आणि इंग्रजीत आहे, पण भाषा स्वच्छ आहे.

संपादनाचे काम त्यांनी वाटूनही दिले होते. विराटपर्व रघुवीरांनी केले, ते १९३६ साली निघाले. उद्योगपर्व बंगालचे सुशीलकुमार दे यांनी, १९४० साली. सभापर्व अमेरिकेतले फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होते. आरण्यकपर्व सुकथनकरांनी स्वतः केले आणि ते १९४२ साली पुरे झाले. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने द्यायचे ठरले. आयुष्यभर ज्याने एकेका अक्षराच्या पलीकडे जायचे नाही असा नेम पाळला, तो आता अर्थाविषयी बोलणार होता: एक कथा म्हणून, एक धर्मविचार म्हणून आणि त्याहून खोल पातळीवर हा ग्रंथ काय सांगतो याविषयी. तीन व्याख्याने झाली. चौथे होण्यापूर्वी २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय पंचावन्न. आम्हीही आज पन्नाशी ओलांडलेल्यांत आहोत, आणि हा आकडा लिहिताना हात जरा थबकतो.

ती व्याख्याने पुस्तकरूपाने यायला १९५७ साल उजाडले. त्यांचे लेख मात्र परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४४ आणि १९४५ साली दोन स्मृतिखंडांत एकत्र केले. प्रमुख संपादकाची जागा श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी घेतली, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी. सुकथनकरांनी घालून दिलेले आखीव कागद, लिप्यांचे संकेत, तारांकने आणि नागमोडी रेघ शेवटपर्यंत तशीच चालली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ततेचा समारंभ झाला तेव्हा अठरा पर्वांचे १९ खंड तयार होते आणि त्यांसाठी एकंदर १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या होत्या. भांडारकर, औंधकर, उत्गीकर, सुकथनकर यांतले कोणी तो दिवस पाहायला नव्हते.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की सगळा संच घेणे शक्य नसले तरी आदिपर्वाचा खंड शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यावा. मुलांना संस्कृत पुरते कळले नाही तरी चालेल; पान कसे दिसते एवढे त्यांनी पाहावे.

आणि आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुटीचे एक काम. आपल्या प्रत्येकाच्या घरी आजीची किंवा पणजीची आरत्यांची, कहाण्यांची हातची वही असते. कोणाचे घराणे ग्वाल्हेरहून आलेले, कोणाचे देवासहून, कोणाचे थेट कोकणातून. त्या वहीतली एक आरती किंवा शुक्रवारची कहाणी निवडा आणि दुसऱ्या दोन घरांतल्या वह्यांशी ताडून पाहा. गणिताची चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एक शब्द लिहा, खाली फरक टिपा. कोणता शब्द जुना वाटतो आणि का, ते शेवटी चार ओळींत लिहा. ज्याविषयी खात्री नसेल त्याखाली नागमोडी रेघ ओढा. तिचे गुण कापले जाणार नाहीत. वह्या सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी मराठीच्या बाईंकडे द्याव्यात. आजीची मूळ वही मात्र शाळेत आणू नये, ती घरीच राहू द्यावी.